करामा येथील बिऱ्हाड

दुबईचे नाव निघाले की आकाशात घुसलेले मनोरे, समुद्रात भर घालून उभारलेली बेटे आणि काचेची झळाळती दालने डोळ्यांसमोर येतात. पर्यटक ती पाहून चार दिवसांत परततात. नोकरीनिमित्त वर्षानुवर्षे तेथे राहणाऱ्या भारतीय कुटुंबांची दुबई निराळी आहे. ती खाडीच्या काठची जुनी दुबई होय. एका तीरावर बुर दुबई, दुसऱ्या तीरावर देरा, आणि बुर दुबईला लागूनच करामा. करामा या अरबी शब्दाचा अर्थ प्रतिष्ठा, मानमरातब. वस्ती मात्र अगदी साधी. फिकट रंगाच्या बुटक्या इमारती, तळमजल्यावर शिंपी, इस्त्रीवाला, केरळी खानावळ, फरसाणाचे दुकान आणि कोपऱ्याकोपऱ्यावर किराणा दुकान. या दुकानाला तेथे ‘बकाला’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘वाणी-बक्काल’ या जोडशब्दातला बक्काल तो हाच.

सांगलीच्या गणपती पेठेत हळदीची अडत करणारे एक वृद्ध गृहस्थ या जानेवारीत आपल्या मुलाकडे करामाला राहावयास गेले. घरी व बाजारात त्यांना सारे अण्णा म्हणून ओळखतात. मुलगा नऊ वर्षे दुबईत आहे, एका व्यापारी पेढीत हिशेबनीस. सूनबाई घरीच शिकवण्या घेतात, नात चौथीत आहे. शाळेची बस दाराशी येते, कांदा-लसूण न घालता करून देणारा खानावळवाला गल्लीच्या टोकाला आहे, आणि संध्याकाळचे जेवण सूर्यास्तापूर्वी उरकावयाचे तर मुलाला कचेरीतून मेट्रोने पाऊण तासात घरी पोहोचता येते. अशा घराची किंमत नुसत्या चौरस फुटांत मोजता येत नाही. एक शयनगृह, एक बैठक, स्वयंपाकघर आणि खिडकीतून दिसणारे कडुनिंबाचे झाड, एवढ्याच जागेचे वार्षिक भाडे ६६,००० दिरहम होते.

अण्णा पोहोचल्यानंतर चौथ्या दिवशी, म्हणजे ८ जानेवारीस, मालकाच्या व्यवस्थापकाचा निरोप आला. करार २८ फेब्रुवारीस संपत आहे. नूतनीकरण करावयाचे असल्यास नवे भाडे ८०,००० दिरहम. मान्य नसल्यास घर रिकामे करावे. वाढ १४,००० दिरहमांची, शेकडा एकवीसहून अधिक. रात्री जेवणे झाल्यावर मुलाने ही गोष्ट सांगितली आणि सांगतानाच तिचा निकालही लावून टाकला.

“अण्णा, परक्या देशात मालकाशी वाद नको. नातीची शाळा, तुमच्या सुनेच्या शिकवण्या, सगळं इथं जुळलंय. देऊन टाकू.”

अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “द्यायचं की नाही ते नंतर बघू. कराराचा कागद आण आधी.”

अण्णांचा हा प्रश्न भाडेकरूचा नव्हता; तो मालकाचा होता. गणपती पेठेतील त्यांच्या वडिलोपार्जित इमारतीत एक जुना दुकानदार भाडेकरू आहे. गेली कित्येक वर्षे दर दिवाळीला अण्णा त्याला भाडे वाढवावयास सांगतात आणि तो दर दिवाळीला पेढे पाठवून गप्प बसतो. मालकाला कोठे घाई होते, कोठे तो नुसताच दरडावतो आणि कोठे खरोखर त्याचा हक्क असतो, हे अण्णांना आतून ठाऊक होते.

कराराच्या प्रतीसोबत दुसराही एक कागद निघाला. त्यावर ‘इजारी’ असे शीर्षक होते. दुबईतील प्रत्येक भाडेकरार सरकारी दप्तरी नोंदवावा लागतो आणि त्या नोंदणीच्या व्यवस्थेला इजारी म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ ‘माझे भाडे’. मराठी माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही. इजारा, इजारदार हे शब्द आपल्या दप्तरांत शतकानुशतके आहेत. केवळ तोच नव्हे; मालक, करार, मुदत, रक्कम, वसूल, बाकी, हिशेब, दावा, अर्ज, नक्कल, कायदा, हक्क, हे सारे शब्द अरबीतूनच फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. खाडीपलीकडच्या कचेरीत एखादा अरब कारकून बोलू लागला की मराठी कानाला वाक्य कळत नाही, पण त्यातले नेमके कामाचे शब्द तेवढे ओळखीचे वाटतात.

इजारीची नोंद नसेल तर वीज-पाण्याची जोडणी मिळण्यापासून ते कुटुंबाचा व्हिसा काढण्यापर्यंत सर्वच अडते. नोंद असली की करार सरकारच्या डोळ्यांसमोर असतो आणि मालकाला तो तोंडी बदलता येत नाही. नऊ वर्षे दुबईत राहूनही मुलाने हा कागद व्हिसाच्या कामापलीकडे कधी वाचला नव्हता. बहुतेकांचे असेच होते. आपण येथे पाहुणे, आपल्याला मतदान नाही, नागरिकत्व मिळण्याची आशा नाही, तेव्हा हक्क कसला, अशी एक समजूत परदेशस्थ भारतीयांच्या मनात घर करून असते. भाड्याच्या घरापुरती तरी ती दुबईत खरी नाही.

मालक-भाडेकरू संबंधांविषयीचा दुबईचा कायदा २००७ सालचा, क्रमांक २६. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, क्रमांक ३३ च्या कायद्याने त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. तो भाडेकरूचे राष्ट्रीयत्व विचारीत नाही. त्यात एक कलम असे आहे की नूतनीकरणाच्या वेळी भाडे किंवा करारातील कोणतीही अट बदलावयाची असेल तर करार संपण्यापूर्वी किमान ९० दिवस दुसऱ्या पक्षास तसे कळविले पाहिजे. उभयतांनी आधीच वेगळे ठरविले असेल तर गोष्ट निराळी. अण्णांच्या मुलाच्या करारात वेगळे काही ठरलेले नव्हते. २८ फेब्रुवारीपासून मागे मोजत गेले तर नव्वदावा दिवस ३० नोव्हेंबर येतो. मालकाचा निरोप आला ८ जानेवारीस, म्हणजे अवघे ५१ दिवस आधी.

सूनबाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून दिवस दोनदा मोजले. सांगलीहून दरवर्षी येणारी ती दिनदर्शिका. तिथी, पर्वे, चातुर्मास पाहण्यासाठी लावलेली. परदेशच्या भाडे-कायद्याचा हिशेबही तिच्यावरच झाला.

मुदत चुकल्यामुळे या वर्षी मालकाला वाढ मागण्याचा आधारच उरला नव्हता. तरीही अण्णांनी दुसरा प्रश्न विचारला. “बरं, त्यानं वेळेत कळवलं असतं तर? मग काय ऐंशी हजार द्यावे लागले असते?”

याचे उत्तर २०१३ च्या ४३ क्रमांकाच्या फर्मानात आहे. चालू भाडे त्या भागातील तशाच घरांच्या सरासरी भाड्यापेक्षा जेमतेम १० टक्क्यांपर्यंत कमी असेल तर काहीच वाढ नाही. ११ ते २० टक्के कमी असेल तर वाढ जास्तीत जास्त ५ टक्के. २१ ते ३० टक्के कमी असल्यास १० टक्के. ३१ ते ४० टक्के कमी असल्यास १५ टक्के. आणि त्याहूनही कमी असल्यास २० टक्के. वीस ही शेवटची पायरी. त्यापलीकडे नूतनीकरणात कोणालाही जाता येत नाही. सरासरी कोण ठरविते? मालकही नाही, दलालही नाही. जमीन विभागाचा निर्देशांक ती ठरवितो. जानेवारी २०२५ पासून हा निर्देशांक नव्या स्वरूपात आला असून आता तो इमारतीच्या दर्जाचाही विचार करतो. त्यामुळे जुनी लिफ्ट व गळके नळ असलेली इमारत शेजारच्या नव्या कोऱ्या इमारतीच्या भाड्यावर हक्क सांगू शकत नाही. विभागाच्या मोबाइलवरील सेवेत घराचा तपशील भरला की आकडा समोर येतो. या घरासाठी सरासरी आली ७७,००० दिरहम. चालू भाडे तिच्याहून चौदा टक्क्यांनी कमी होते. म्हणजे वेळेत नोटीस दिली असती तरीही मालकाला ५ टक्केच, ३,३०० दिरहमच, वाढवता आले असते. मागितले होते १४,०००.

दुसऱ्या दिवशी मुलाने व्यवस्थापकाला दूरध्वनी केला व नव्वद दिवसांची गोष्ट सौम्य शब्दांत सांगितली. व्यवस्थापकाचे उत्तर तयार होते. मालकांना घर स्वतःच्या मुलासाठी हवे आहे, तेव्हा वाद घालण्यापेक्षा रक्कम मान्य करणे बरे. हे वाक्य दुबईतल्या बहुतेक भाडेकरूंनी कधी ना कधी ऐकलेले असते. त्यामुळे रात्रीची झोप उडते, सूनबाईंचीही उडाली.

येथेही कायदा गप्प नाही. मालकाला किंवा त्याच्या अगदी जवळच्या नातलगाला राहावयास घर हवे असेल, किंवा ते विकावयाचे असेल, तर भाडेकरूला बाहेर काढता येते. पण त्यासाठी कारण नमूद करून बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि तीही नोटरीमार्फत अथवा नोंदणीकृत टपालाने. तोंडी सांगणे, व्यवस्थापकाने दूरध्वनीवर सुचविणे, याला काही किंमत नाही. शिवाय स्वतःसाठी म्हणून रिकामे करून घेतलेले घर निदान दोन वर्षे दुसऱ्या कोणाला भाड्याने देता येत नाही. दिले तर जुना भाडेकरू भरपाई मागू शकतो. मालक बदलला तरी करार तुटत नाही, मालक वारला तरी तुटत नाही. भाडेकरूला हुसकावण्यासाठी वीज किंवा पाणी तोडण्यासही बंदी आहे. मुंबईच्या चाळींत आणि पुण्याच्या वाड्यांत ज्यांनी हे सारे अनुभवले असेल त्यांना या शेवटच्या तरतुदीचे मोल सांगावयास नको.

मात्र हे संरक्षण बिनशर्त नाही. भाडे थकले आणि लेखी नोटिशीनंतर तीस दिवसांतही भरले नाही तर मुदत संपण्याआधीच बाहेर पडावे लागते. मालकाच्या लेखी संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवला तरीही तेच. करामात हा मोह फार. एका खोलीत पडदे किंवा फळ्या लावून खाटेच्या हिशेबाने जागा देणारे अनेक. पाचशे-सातशे दिरहमांच्या आशेने एखाद्या होतकरू तरुणाला बैठकीत खाट दिली की मूळ भाडेकरूचा सगळा कायदेशीर आधार ढासळतो. सांगलीहून आलेल्या भाच्याला वा मित्राच्या मुलाला चार महिने ठेवून घेण्यात आपल्याला केवळ माणुसकी दिसते. इजारीवर त्याचे नाव नसले तर कायद्याला ती दिसेलच असे नाही.

आणखी एक सावधगिरी. हा कायदा दुबई अमिरातीपुरता आहे. अबुधाबी व शारजा येथील नियम निराळे आहेत. शेजारच्या अमिरातीतल्या मित्राचा अनुभव दुबईत चालत नाही, आणि दुबईचा तेथे.

अण्णांनी ठरविले की मालकाला प्रत्यक्ष भेटावयाचे. मुलाला ते पटले नाही. लेखी उत्तर पाठवावे, नाही ऐकले तर भाडे-तंटा निवारण केंद्रात जावे, असे त्याचे म्हणणे. ते केंद्र २०१३ पासून कार्यरत आहे आणि तेथे आधी समेटाचाच प्रयत्न होतो. परंतु दावा दाखल करावयाचे शुल्क वार्षिक भाड्याच्या साडेतीन टक्के. या घरासाठी ते २,३१० दिरहम झाले असते. शिवाय कागदपत्रांचे अरबी भाषांतर, रजा, हेलपाटे. अण्णा म्हणाले, “कोर्टाचं दार बंद नाही ना होत? मग आधी माणसाच्या दारात जाऊ.”

मालकाची पेढी देऱ्याला सोन्याच्या बाजाराजवळ होती. मेट्रोने खाडीखालून दहा मिनिटांत पोहोचता आले असते. अण्णांना खाडी वरून पाहावयाची होती. म्हणून दोघे सकाळी बुर दुबईच्या बाजूने निघाले. अल फहिदीची वस्ती लागली. कोरल दगडाच्या व गिलाव्याच्या भिंती, अरुंद गल्ल्या आणि घराघरांवर चौकोनी वातमनोरे. वरून जाणारा वारा पकडून खाली खोलीत सोडणारी ही जुनी युक्ती. इराणमधील बस्तक गावाकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी ही वस्ती वसविली, म्हणून तिचे जुने नाव बस्तकिया. विसाव्या शतकाच्या आरंभी दुबईच्या शासकांनी जकात माफ केली आणि आखाताच्या पलीकडच्या किनाऱ्यावरचे व्यापारी येथे उतरले. दुबई भाडेकरूंवर मोठी झाली असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. बाहेरून येणाऱ्याला टिकू द्यावे, हा तिचा जुना व्यापारी हिशेब आहे, आणि २००७ चा कायदा त्याच वहीतले पुढचे पान दिसते.

वस्तीच्या पुढे कापडबाजार. त्याच्या सावलीतून बाहेर पडले की थेट धक्का. तेथे लाकडी नाव लागते, तिला अब्रा म्हणतात. एका माणसाला एक दिरहम. पाच-सात मिनिटांचा प्रवास, समुद्रपक्षी डोक्यावर, दोन्ही तीरांवर बाजार. जानेवारीतला वारा इतका सुखद होता की अण्णांनी टोपी हातात घेतली. देऱ्याच्या धक्क्यावर उतरताच मसाल्याच्या बाजाराचा वास येतो. पोत्यांतून केशर, सुके लिंबू, लवंग आणि हळद. अण्णांनी चिमूटभर हळद तळहातावर चोळून पाहिली, भाव विचारला आणि न घेता पुढे निघाले. अडत्याची ही सवय सातासमुद्रापार गेली तरी सुटत नाही. देऱ्यात खाडीकाठच्या हमरस्त्याचे नाव बनियास. अण्णांनी कौतुकाने मुलाकडे पाहिले. पण त्या नावाचा बनियांशी संबंध नाही, ते बनी यास या अरब टोळीचे नाव आहे.

मालक सत्तरी गाठलेले अमिराती गृहस्थ निघाले. पांढरा कंदुरा, हातात जपमाळ, आणि तोंडी उत्तम हिंदी. जुन्या अमिराती व्यापाऱ्यांच्या पिढीत हे आश्चर्याचे नाही. त्यांनी खजूर व कडू कॉफी पुढे केली. अण्णांनी सांगलीचे बेदाणे पुढे केले. व्यवस्थापक कोपऱ्यात बसून राहिला.

बोलणे भाड्यावरून सुरू झाले नाही. मालक म्हणाले, “लहानपणी मी शाळेत रुपया घेऊन जात असे. तुमच्या रिझर्व्ह बँकेचा.” ते खरेच होते. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या होत्या व त्या येथे चलन म्हणून चालत. १९६६ च्या जूनमध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले आणि आखाताने रुपयाचा हात सोडला. दिरहम १९७३ मध्ये आला. तो १९९७ पासून डॉलरला जखडलेला आहे, ३.६७२५ दिरहमांस एक डॉलर. त्यामुळे सांगलीला पैसे पाठविणाऱ्या मुलाला रुपया घसरला की आनंद होतो आणि त्याच्या वडिलांना वाईट वाटते.

मग अण्णांनी विषय काढला. “शेख, मीही घरमालक आहे. तेव्हा तुमची बाजू मला कळते.” मालकांनी आपली बाजू मांडली. शेजारच्या इमारतीत नवा भाडेकरू ८०,००० देतो. मी कमी का घ्यावे? यात तथ्य होते. टक्केवारीची मर्यादा नूतनीकरणापुरतीच आहे. घर रिकामे झाले तर नव्या माणसाकडून बाजारभावाने भाडे मागावयास मालक मोकळा असतो. जुना भाडेकरू स्वस्तात बसला आहे ही मालकांची खंत तेथून येते, आणि घर रिकामे करून घेण्याचा मोहही तेथूनच. अण्णांनी ते नाकारले नाही. त्यांनी फक्त दोन कागद पुढे ठेवले. पहिल्यावर तारीख मोजलेली, दुसऱ्यावर निर्देशांकाचा आकडा. मालकांनी दोन्ही शांतपणे वाचले आणि व्यवस्थापकाकडे असे पाहिले की तो उठून खिडकीपाशी गेला.

“तुमच्याकडे काय कायदा आहे?” मालकांनी विचारले.

अण्णांनी सांगितले. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे, जुन्या भाडेकरूला वर्षाला चार टक्के वाढ लावता येते. नवे लोक बहुधा अकरा महिन्यांचा परवाना-करार करतात. आणि मुंबईत १९४० च्या सप्टेंबरातले भाडे प्रमाण मानून पन्नासहून अधिक वर्षे घरे चालली. पागडीची घरे अजून आहेत. मालक मनापासून हसले. १९४० चे भाडे ही गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागली. “आणि तुमचा भाडेकरू किती देतो?” अण्णांनी आकडा सांगितला. त्यानंतर काही काळ दोघेही घरमालक होते आणि मुलगा व व्यवस्थापक श्रोते.

तोडगा मुलानेच सुचविला, आणि तो धनादेशांचा होता. दुबईत वर्षाचे भाडे बहुधा पुढील तारखांच्या धनादेशांनी आगाऊच दिले जाते. कोणी एक देतो, कोणी दोन, चार, सहा वा बारा. जितके धनादेश कमी तितका मालक खूश, कारण पैसा लवकर हाती येतो व एखादा न वटण्याची धास्ती कमी होते. एकेकाळी न वटलेल्या धनादेशापायी परदेशस्थ माणूस सरळ तुरुंगाची वाट चालत असे. जानेवारी २०२२ पासून केवळ पुरेशी शिल्लक नसल्याने धनादेश परत गेला तर तो गुन्हा राहिला नाही. मात्र खात्यात असेल तेवढी रक्कम बँकेने धारकाला द्यावयाची आणि उरलेल्यासाठी धनादेश घेऊन थेट अंमलबजावणीच्या न्यायाधीशाकडे जाता येते. आपल्याकडे कलम १३८ अजून शिक्षेची भीती दाखवते. तेव्हा धनादेश लिहिताना दुबईतही हात जपूनच चालवावा.

मुलगा आजवर चार धनादेश देत होता, प्रत्येकी १६,५०० चे. तो म्हणाला, भाडे ६६,००० च ठेवावे, मी दोनच धनादेश देतो, ३३,००० चे. मालकाला दोन हप्ते तीन-तीन महिने आधी मिळाले. पाच टक्के व्याजाने त्याची किंमत काढली तर जेमतेम ४१२ दिरहम होते. म्हणजे अंकगणितात ही सवलत नगण्यच. पण मालकाने काहीतरी मिळविले आणि भाडेकरूने काहीतरी दिले, हे दोघांच्या मनाला पुरले. मुलाच्या मनात दुसरा हिशेबही होता. नव्या घरात जावयाचे तर दलालीचे पाच टक्के, तितकीच नवी अनामत, सामान हलविण्याचा खर्च आणि बदललेली शाळेची बस. तेव्हा वेळ पडली असती तर कायद्याने देय नसलेले ३,३०० दिरहमही त्याने दिले असते. तसे सांगण्याची वेळ आली नाही. त्याऐवजी अण्णांनी स्वयंपाकघरातला गळका नळ व खोलीतील वातानुकूलन यंत्र दुरुस्त करून द्यावे, असे करारात लिहून घेतले. दुरुस्ती मालकाची, असेच कायद्याचे मूळ धोरण आहे. करारात उलटे लिहिलेले असले तरच ती भाडेकरूच्या गळ्यात पडते. पुष्कळ छापील करारांत ते तसे लिहिलेले असते आणि कोणी वाचत नाही.

निघताना मालक अण्णांना म्हणाले, “पुढच्या वर्षी मी वेळेत नोटीस देणार.”

“द्या,” अण्णा म्हणाले. “नियमात बसेल तेवढं आम्ही देऊ.”

परतताना अब्रात गर्दी होती. खाडीवर उन्हे उतरू लागली होती आणि सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचावयाचे होते. मुलाने विचारले, “अण्णा, पेठेतल्या दुकानाला तुम्ही कधी लेखी नोटीस दिलीत का?” अण्णांनी पाण्याकडे पाहत मान हलविली. कधीच नव्हती दिली. दर दिवाळीला नुसते तोंडी सांगितले होते.

घरी सूनबाईंनी ताटे मांडली होती. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी हात पुसले, दिनदर्शिकेची पाने उलटून नोव्हेंबर काढला आणि तीस तारखेच्या चौकटीत, पक्ष-तिथीच्या बारीक अक्षरांखाली, पेन्सिलीने लिहिले: ‘घरभाडे नोटीस, शेवटचा दिवस.’ अण्णांनी चष्मा लावून ते वाचले, आणि सांगलीच्या दुकानाचा करार कोणत्या कपाटात आहे ते दूरध्वनी करून विचारावयास मुलाला सांगितले.